उसना पिचर

एल्मक्रीक
मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

प्रिय लायनस,

तुझं, मार्गारेटचं आणि तुमच्या गाईंचं बरं चाललं असेल असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक आहोत. काकड्यांनी यंदा अगदी जीव खाल्ला आहे. बरण्या संपल्या, व्हिनेगर संपलं, काकड्या काही संपत नाहीत. फादर हर्मन यांनी रविवारचं प्रवचन अर्ध्यावर आटोपलं. ते कुणाच्या सामन्यासाठी, हे तुला सांगायला नको.

जिंकलास, त्याबद्दल अभिनंदन. माझं माहेर जिंकलं आणि सासर हरलं, तेव्हा मी कुठल्या बाजूने हसावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण भावा, तू तुमचा संघ घेऊन बेसबॉलच्या राज्य स्पर्धेला चालला आहेस ते आमच्या पोरांनी सोपे चेंडू सोडले म्हणून, तुझ्या डोक्यामुळे नव्हे. हे तुला सेंट ओडिलात कोणी सांगणार नाही. तिथे सगळे तुझ्याकडून दूध नाहीतर चारा घेतात. मी घेत नाही, म्हणून मी सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे रोमन. चौथ्या क्रमांकावर बॅटिंगला रोमन का? मका गुडघ्याएवढा होता तेव्हापासून त्याने एक चेंडू धड मारलेला नाही, आणि आता मका माझ्या डोक्यावर गेला. कॅचर म्हणून ठेव की त्याला, कोण नको म्हणतं. मागे उकिडवं बसायचं काम त्याला चांगलं जमतं. पण चौथा क्रमांक म्हणजे घरातला कर्ता माणूस. पहिले दोघेतिघे बेसवर जाऊन उभे राहतात आणि हा येऊन तीनदा हवा मारतो आणि परत जातो. तुझ्या लग्नात त्याचा बाप करवला होता म्हणून सगळ्या गावाने भोगायचं का?

दुसरं, पाचव्या डावात डेलला बॅट नुसती टेकवायला लावलीस. कोणी बाद नाही, बेसवर माणूस, समोरचा पिचर घामाघूम, आणि तुझ्या गावातलं सगळ्यांत दणकट पोर बॅट आडवी धरून चेंडू पायाशी टाकतंय. माझ्या शेजारी बसलेल्या रोझनं विचारलं, "ह्याला काय झालं, पोटात दुखतंय का?" मी काय सांगणार? म्हटलं, दुखणं त्याच्या पोटात नाही, माझ्या भावाच्या डोक्यात आहे.

तिसरं, केनी. चेंडू टाकून टाकून त्या पोराचा हात सातव्या डावातच गेला होता. त्याचं कोपर खाली आलं, तो प्रत्येक चेंडूनंतर टोपी काढायला लागला. हे मला बाहेरून दिसलं आणि तुला दहा पावलांवरून दिसलं नाही. तू पिचर बदलतोस तो नेहमी बैल गेला आणि झोपा केला अशा वेळेला. आजचं नाही हे. पहिल्यापासून तू असाच.

बाकी विशेष काही नाही. ॲम्ब्रोजच्या बहिणीचं, माझ्या नणंदेचं, कंबरेचं ऑपरेशन झालं, ती आता काठी घेऊन चालते आणि सगळ्यांना काठीने दाखवून कामं सांगते.

आणि हो, ग्लेनला घेतलंस म्हणे. मला ते रोझच्या दुकानात कळलं, पिठाची पिशवी हातात असताना. माझ्या पोटच्या पोरानं सांगितलं नाही, माझ्या सख्ख्या भावानं सांगितलं नाही, दुकानदारणीनं सांगितलं. हरलेल्या गावांतून पिचर उसने घ्यायचे आणि स्पर्धा संपली की परत करायचे, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. ज्यानं हा नियम काढला त्याला बहिणी नसाव्यात.

तो पस्तीस वर्षांचा झाला. हा शेवटचा उन्हाळा, असं तो म्हणतो, आणि या वेळी खरं बोलतोय असं मला वाटतं. राज्य स्पर्धेत त्याने कधी चेंडू टाकलेला नाही. आमचं गाव तिथवर कधी पोचलंच नाही.

दुसरे मॅनेजर उसन्या माणसाला त्याचा स्वतःचा शर्ट घालू देतात. तू तुमचाच घालायला लावतोस. तेव्हा निदान मापाचा दे. त्याचे खांदे बापासारखे आहेत.

मार्गारेटला नमस्कार.

अल्विना टेकमन

ता. क. शर्ट जसा कोरा देशील तसा कोरा परत यायला नको. एवढंच.


एल्मक्रीक
सोमवार, २५ ऑगस्ट

लायनस,

तब्येतीची वगैरे चौकशी मार्गारेटकडे फोनवर केली आहे, म्हणून इथे करत नाही. मोसम चालू असताना तू फोन घेत नाहीस हे मला ठाऊक आहे. फोनवर बोललं की सामना हरतो, हे कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे ते एकदा मला दाखव.

दोन शनिवार-रविवार गेले. दोन सामने जिंकलास. दोन्ही वेळा आमचं अर्धं गाव सकाळची धार काढून, खुर्च्या गाड्यांत टाकून दीड तास लांब आलं. ते काय तुझा रोमन बघायला आलं? फादर हर्मन यांनी बाप्तिस्मा पुढे ढकलला. रोझनं दुकानाला कुलूप लावलं, जे तिने तिच्या नवऱ्याच्या आजारपणातही लावलं नव्हतं. आणि आमचा माणूस दोन्ही सामने बाकाच्या टोकाला बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. दुसऱ्या दिवशी तर त्याच्या पायाशी टरफलांचा एवढा ढीग झाला की मला लाज वाटायला लागली, म्हटलं उठून झाडून तरी यावं.

काल आठव्या डावात केनीनं दोघांना लागोपाठ फुकट बेसवर जाऊ दिलं, तेव्हा मला बसवलं नाही. मी कुंपणाशी आले. हे तुला आठवत असेलच, पण मी ते कसं ऐकलं हे तुला कळावं म्हणून लिहिते.

मी म्हटलं, "लायनस, त्याचा हात गेला."

तू मान न वळवता म्हणालास, "विनी, उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

तुमच्या गावचे सगळे हसले. मी म्हटलं, "शेळी खड्ड्यात पडते तेव्हा उंटावरूनच आधी दिसतं."

त्यावरही हसले. ग्लेन हसला नाही. तो बुटांकडे बघत होता. तू केनीलाच ठेवलंस, त्यांच्या माणसाने उंच मारला, तुझ्या एका पोरानं धावत जाऊन तो कुंपणाला टेकून झेलला, आणि तुम्ही वाचलात. तुला वाटलं तू बरोबर होतास. नव्हतास. नशीब बरोबर होतं. दोन्ही एक नाहीत हे आपल्या बापाने आपल्याला शिकवलं होतं. तू त्या दिवशी गोठ्यात असशील.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते. रोमनबद्दल लिहून लिहून माझा हात दुखला, पण रोमन मेला काय आणि जगला काय, मला त्याचं काही नाही.

१९७१ साली तू ॲम्ब्रोजला उसना घेतला होतास.

मी हे तुला कधी विचारलं नाही. आपण ख्रिसमसला भेटलो, बारशांना, लग्नांना, आईच्या मातीला भेटलो, बटाट्याच्या भावाबद्दल बोललो. मी विचारलं नाही. आधी वाटलं, तू सांगशील. मग वाटलं, ॲम्ब्रोज विचारील. मग तो गेला आणि विचारणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

तीन सामने तो बसून होता. आमच्या गावाचा पिचर, या खोऱ्यातला सगळ्यांत चांगला, हे तूच म्हणायचास. त्याच्या वडिलांनी कधी नव्हे ते तीन दिवस शेजाऱ्याला धार काढायला लावली आणि ते आले. ग्लेन नऊ वर्षांचा होता. तो माझा हात ओढून सारखा विचारायचा, "पप्पा कधी येणार?" मी म्हणायची, "आता."

त्या शेवटच्या सामन्यात आठव्या डावात तिन्ही बेस भरले. तू बाहेर आलास आणि बाकाकडे वळलास. ॲम्ब्रोज उभा राहिला. त्याने जॅकेट काढून बाकावर ठेवलं. तू त्याच्याकडे बघितलंस. चांगलं बघितलंस, लायनस, मी तुमच्या दोघांच्या रेषेत बसले होते. आणि मग तू त्याच्या मागच्या त्या लिओला बोट केलंस. ॲम्ब्रोजनं जॅकेट पुन्हा अंगात घातलं. ऑगस्ट महिन्यात. लिओनं पहिलाच चेंडू असा टाकला की त्यांच्या माणसाने मारलेला तो अजून परत आलेला नाही.

घरी आल्यावर ज्याला इस्त्री कुठून तापते हे माहीत नव्हतं, त्या माणसाने तुझा तो शर्ट स्वतः धुतला. धुण्यासारखं त्यावर काही नव्हतं. इस्त्री केली, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या दुधाच्या खोलीत ठेवून आला. तू घरी नव्हतास. त्यानंतर तो तुमच्या मैदानात कधी आला नाही. आमचा सामना तुमच्याकडे असला की त्याचा ट्रॅक्टर बिघडायचा. तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी त्याची समजूत काढली असती, तुझी बाजू घेतली असती, आणि कदाचित विसरूनही गेले असते. तो बोललाच नाही, म्हणून ते आमच्या घरात राहायला आलं आणि गेलंच नाही.

मी तेव्हापासून तुझा प्रत्येक सामना बघते आणि प्रत्येक चूक मोजते. लोकांना वाटतं मला बेसबॉलचं वेड आहे. मला फक्त एका आठव्या डावाचं उत्तर हवं आहे.

त्याला का नाही उठवलंस? तो आमच्या गावचा म्हणून? की त्याने तुझी बहीण नेली म्हणून?

आणि आता ग्लेन त्याच बाकावर, त्याच टोकाला बसतो. तसाच बसतो, पुढे वाकून. तुला ते दिसतं की नाही हेही मला कळत नाही.

अल्विना


एल्मक्रीक
मंगळवार, २ सप्टेंबर

प्रिय लायनस,

गुरुवारी तू आलास, अंगणात टोपी हातात घेऊन उभा राहिलास, जे बोलायचं ते बोललास आणि माझं खरं उत्तर तोंडातून निघायच्या आत ट्रकमध्ये जाऊन बसलास. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस इतक्या चपळाईने पळू शकतो हे मला माहीत असतं तर मी तुलाच बेसवर उभं केलं असतं. तेव्हा तुझं बोलणं तुलाच परत लिहिते, म्हणजे माझं उत्तर कुठे बसतं ते कळेल.

तू म्हणालास, "मी त्याला फायनलसाठी ठेवला होता."

मी म्हटलं, "फायनल आलीच नाही."

"नाही आली."

"म्हणजे सगळ्यांत चांगला पिचर होता म्हणून बसवून ठेवलास?"

"हं."

"मग त्याला तसं सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू चांगला होतास म्हणून आपण हरलो, असं?" मग थोडा वेळ तू आमच्या काकड्यांच्या वेलाकडे बघत राहिलास. "त्या दुधाच्या खोलीत तो शर्ट बघितला, विनी, आणि माझी हिंमतच झाली नाही. मग दिवस गेले. जितके गेले तितकं अवघड झालं."

इथवर माझं मन जरा पाघळलं होतं, हे कबूल करते. मी कॉफी ठेवायला वळणारच होते. तेवढ्यात तू काय म्हणालास? तू म्हणालास, "ग्लेनलासुद्धा मी फायनलसाठीच..." आणि थांबलास. तुझं तुलाच ऐकू आलं असावं. मग तू टोपी घातलीस आणि निघालास.

माझं उत्तर हे की तू जन्माचा गाढव आहेस. सव्वीस वर्षं मला वाटत होतं तू दुष्ट आहेस. मी तुझ्या दुष्टपणावर कितीतरी रात्री घालवल्या. आणि निघालास काय, तर जपून ठेवणारा. आईनं चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवल्या, त्या ती गेली तेव्हाही कागदात गुंडाळलेल्याच होत्या, तसला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी तुझ्या डोक्यावर आयुष्यभर ओतलं.

आता शनिवारचं. तू मैदानात होतास, तुझी पाठ आमच्याकडे होती, म्हणून आमच्या बाजूला काय झालं ते तुला ठाऊक नसेल.

आठवा डाव, एका धावेनं पुढे, एक जण बाद, तिन्ही बेस भरलेले. रोझनं माझा दंड धरला. ती म्हणाली, "बघ आता, हा आपल्या ग्लेनला सोडून त्यांच्याच त्या लाल केसाच्या पिचरला आणतो." मी कुंपणाशी आले नाही. तुझ्या लक्षात आलं का ते? मी खुर्चीचे हात धरून बसले होते, कारण मी ओरडले असते तर तू नेमकं उलट केलं असतंस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

तू बाहेर आलास, केनीच्या हातातून चेंडू घेतलास आणि बाकाकडे वळलास. ग्लेन उभा राहिला. त्याने जॅकेट काढलं. मी डोळे मिटले, लायनस. मला ते दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं. मग फादर हर्मन यांचा आवाज आला, "अगं अल्विना, बघ तरी." उघडले तर माझा मुलगा मधोमध उभा होता आणि तू परत चालला होतास, पाय ओढत.

आमच्या गावचे सगळे उभे राहिले. कोणी ओरडलं नाही, नुसते उभे राहिले, आणि कितीजणांचे डोळे ओले होते हे मी तुला सांगणार नाही, कारण त्यांतले निम्मे तुझ्यासारखेच म्हातारे पुरुष आहेत.

पहिल्या माणसाला त्याने चेंडू वर उडवायला लावून बाद केलं. त्याने टाकलेला चेंडू वरून असा वळून खाली आला, बापाचा यायचा तसाच. मग पुढच्यानं तो जमिनीवरून सरपटत मारला, पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधून, आणि तो गेला. दोन धावा. मग नवव्या डावात तुम्ही काही केलं नाहीत, रोमननं तीनदा हवा मारली, संपलं.

सामन्यानंतर मी बिअरच्या टपरीशी उभी होते. रोमनची बायको सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उसनी साखर आणली आणि चहा नासला. लायनसचं डोकं फिरलंय, फायनल हातातली घालवली, भाच्यासाठी."

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "केनी थकला होता. समोरचा डावखुरा होता, आणि डावखुऱ्याला ग्लेनचा वळणारा चेंडू खेळता येत नाही, हे तुझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत आहे. तो निर्णय बरोबर होता. आता हरलो, म्हणून तो चुकीचा होत नाही." माझ्या तोंडून तुझी बाजू निघाली, चारचौघांत. रोझ माझ्याकडे बघतच राहिली. मलाही माझा आवाज ओळखू येईना.

त्या बाईला मी एक गोष्ट सांगितली नाही, ती तुला सांगते. तिन्ही बेस भरलेले असताना तुझा पहिल्या बेसवरचा हबर्ट बेसला चिकटून का उभा होता? तिथला पळणारा जाणार कुठे होता, पुढचा बेस तर भरलेला? चार पावलं मागे उभा असता तर तो चेंडू सरळ त्याच्या हातात आला असता आणि तू सोमवारी फायनल खेळला असतास. हे ग्लेनचं नाही, हे तुझं. एक चूक दुरुस्त करायच्या नादात तू पोराकडेच बघत राहिलास आणि हबर्टला हात करायचं विसरलास. मला ते खुर्चीतून दिसलं होतं. दिसूनही मी ओरडले नाही, म्हणजे थोडं माझंही धर.

घरी येताना ग्लेन गाडी चालवत होता. मला वाटलं हरल्याचं मनाला लावून घेतलंय. मग तो आपणहून म्हणाला, "मामानं चेंडू देताना काय म्हटलं माहितीये?"

मी म्हटलं, "काय म्हणणार, खाली ठेव म्हणाला असेल."

"नाही. म्हणाला, हा तुझ्या बापाचा. उशीर झाला."

मी खिडकीबाहेर मका बघत बसले. एल्मक्रीकपर्यंत नुसता मकाच होता आणि मला त्यातलं एकही कणीस दिसलं नाही.

शर्ट माझ्याकडे आहे. दोनदा धुतला. उजव्या गुडघ्यावर वाकून त्याने जिथे हात पुसले, तिथे छातीखाली लाल मातीचा डाग पडला आहे, तो जात नाही. मी फार जोर लावून घासलाही नाही. तो परत मिळणार नाही. कमिटीला सांग, हरवला म्हणून. हवा तर स्वतः येऊन माग. रविवारी सकाळची धार झाली की ये, मार्गारेटला आण. या वेळी कॉफी पिईपर्यंत बस. आईच्या त्या कपबश्या माझ्याकडेच आहेत, मी त्या कागदातून काढून ठेवते. आणि जाताना काकड्यांच्या सहा बरण्या घेऊन जा, नको म्हणू नकोस.

कॉफीआधी आपण दोघे टेकाडावरच्या दफनभूमीत ॲम्ब्रोजकडे जाऊन येऊ. जे मला सांगितलंस ते त्याला सांग. मी लांब उभी राहीन.

पुढच्या वर्षी रोमन चौथ्या क्रमांकावर दिसला तर मी कुंपण ओलांडून आत येईन, हे लिहून ठेव. पण शनिवारच्या आठव्या डावात तुझ्या जागी मी असते, तरी मी चेंडू ग्लेनच्याच हातात दिला असता.

तुझी,
विनी